गुरुवारची शेवटची ओळ

१

आकुर्डीत खंडोबा माळाच्या मागच्या गल्लीत उद्धवरावांची तीन मजली इमारत आहे. तिची मागची भिंत आणि शेजारच्या, दिवसभर पत्रे ठोकणाऱ्या प्रेसशॉपची भिंत यांच्यामध्ये चार फुटांचा एक बोळ आहे. तिथे पाण्याच्या मोटारीशिवाय काही नाही, म्हणून कोणी फिरकतही नाही. शुक्रवारी सकाळी मोटार का चालू होत नाही हे बघायला उद्धवराव त्या बोळात शिरले आणि उलट्या पावली बाहेर आले. मोटारीशेजारी इम्तियाज सर पालथे पडले होते. अंग कधीच गार झालं होतं.

इम्तियाज तांबोळी, वय एकसष्ट. तीस वर्षं इंजिन तपासणीच्या खात्यात काढून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे. उद्धवरावांच्या तिसऱ्या मजल्यावरची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. तिथे दर रविवारी ते कारखान्यातल्या कामगारांना शेअरच्या भावाची चाल कशी ओळखायची ते शिकवत. चार रविवार, पाचशे रुपये, चहा फुकट.

सहायक निरीक्षक विजयश्री हंचाटे साडेनऊला पोचली, तेव्हा गल्ली माणसांनी भरली होती. गच्चीचा कठडा कमरेएवढाच होता. वरून पडले हे उघड होतं. खोलीची किल्ली कोणाकडे, असं तिने विचारलं तोच एक तिशीतला तरुण पुढे आला.

"माझ्याकडे आहे मॅडम. मी गणराज. क्लासचं सगळं मीच बघतो." खांद्यावरची पिशवी सावरत तो धावत जिना चढला आणि पोलीस वर पोचायच्या आत त्याने खोली उघडून दिली.

आत फळा, वीस खुर्च्या, जुना कॉम्प्युटर, टेबल. टेबलावर कापडी बांधणीचं एक जाडजूड रजिस्टर होतं. हवालदाराने सगळ्याचे फोटो काढले.

"सरांनी वेदघाट फोर्जमध्ये पैसे घातले होते," गणराज हळू आवाजात म्हणाला. "मंगळवारपासून शेअर पडायला लागला. गुरुवारी पण पडला. सर दोन दिवस बोलत नव्हते."

विजयश्रीने मान हलवली. या वर्षातला तिच्या हद्दीतला हा तिसरा होता. पहिला दिघीचा, दुसरा वल्लभनगरचा. दोघांनीही बाजारात हात पोळून घेतले होते आणि दोघांच्याही बायकांनी पोलीस चौकीत एकच प्रश्न विचारला होता, आम्हाला का नाही सांगितलं. कारण काय लिहायचं ते तिच्या मनात जिना उतरतानाच तयार होतं.

खाली इम्तियाज सरांची मुलगी उभी होती. नबीला. पिंपळे सौदागरहून रिक्षाने आली होती. रडून झालेलं दिसत होतं.

"तुम्ही आत्महत्या लिहिणार," ती म्हणाली.

"अजून काही लिहिलं नाही. पण वडिलांचे शेअरमध्ये पैसे गेले होते, असं कळतंय."

"कोणी सांगितलं?" नबीलाचा आवाज एकदम कडक झाला. "मॅडम, माझ्या अब्बांनी आयुष्यात एकही शेअर विकत घेतलेला नाही. त्यांचं खातंच नव्हतं."

२

ते खरं निघालं. पॅन नंबरावर कुठेही शेअरचं खातं नव्हतं. बँकेत निवृत्तीचे पैसे मुदत ठेवीत जसेच्या तसे पडून होते.

शनिवारी सकाळी नबीला पोलीस ठाण्यात आली. विजयश्रीने तिच्यासमोर रजिस्टर ठेवलं.

"हे काय आहे ते मला समजावून सांग. मला बाजारातलं ओ की ठो कळत नाही."

नबीलाने पान उघडलं. पेन्सिलीने आखलेले रकाने होते. तारीख, बंद भाव, चढ, उतार, सरासरी चढ, सरासरी उतार आणि शेवटचा रकाना 'दम'.

"लोक याला आरएसआय म्हणतात. अब्बा दम म्हणायचे. चौदा दिवसांच्या मापाने भाव सरासरी किती चढतोय आणि किती उतरतोय, त्यावरून हा आकडा निघतो. शून्य ते शंभर. सत्तरच्या वर गेला तर शेअर फार पळालाय, तीसच्या खाली गेला तर फार थकलाय. मोबाइलवर आयता मिळतो, पण ते म्हणायचे, हाताने काढल्याशिवाय माणसाला कळत नाही."

"आणि याचा उपयोग?"

"हे बघा." नबीलाने दोन पानं मागे उलटली. वेदघाटचा भाव अडीचशेवर गेला होता, तिथे दम एक्क्याऐंशी होता. तीन आठवड्यांनी भाव तीनशेच्या जवळ गेला, पण दम बहात्तरच. दोन्ही आकड्यांभोवती पेन्सिलीचं वर्तुळ आणि समासात बारीक अक्षरात लिहिलेलं: 'भाव वर, दम खाली. कोणीतरी ढकलत आहे. पोरांना सांगणे.'

"म्हणजे भाव चढत होता, पण त्यातला जोर कमी होत होता," विजयश्री म्हणाली.

"हो. असा शेअर पुढे पडतो असं त्यांचं मत. दर वेळी नाही, पण सावध व्हावं."

शेअर पडायला लागायच्या आधीच ज्याने धोका लिहून ठेवला होता, तो माणूस त्याच शेअरपायी गच्चीवरून उडी कशाला मारेल? विजयश्रीने पानं चाळली. रजिस्टरचं शेवटचं, मागचं पान वेडंवाकडं फाडलेलं होतं.

डॉक्टरांचा अहवाल दुपारी आला. मृत्यू गुरुवारी दुपारी एक ते सहाच्या दरम्यान. दोन्ही दंडांवर बोटांचे वळ. कोणीतरी समोरून घट्ट धरलं होतं.

खून होता. आणि वेळ आणखी जवळ आणता येत होती. रजिस्टरात गुरुवारची ओळ भरलेली होती. बाजार साडेतीनला बंद होतो. बंद भाव त्याच्या आधी कोणालाच माहीत नसतो. म्हणजे साडेतीन वाजून गेल्यावर इम्तियाज सर जिवंत होते, टेबलाशी बसून नेहमीसारखी ओळ भरत होते. खून साडेतीन ते सहामध्ये.

हवालदाराने समोरच्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण आणलं. कॅमेरा फक्त जिन्याच्या पायऱ्यांपाशी बघत होता आणि तीनच्या आधीचं काही उरलं नव्हतं. साडेतीन ते सहामध्ये बाहेरचा एकच माणूस जिना चढलेला दिसत होता. साडेचारला.

नबीलाने पडद्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"कामरान," ती म्हणाली. "माझा आतेभाऊ."

३

कामरानचं गॅरेज आकुर्डी स्टेशनच्या रस्त्यावर होतं. विजयश्री गेली तेव्हा तो लिफ्टच्या रिकाम्या जागेवर बसला होता. गाडी उचलायचं मशीन गेलेलं होतं, फक्त चार बोल्ट जमिनीतून वर आले होते.

"विकलं," तो म्हणाला. "मशीन विकून वेदघाट घेतला. मामूंच्या ग्रुपवर आलं होतं. 'इम्तियाज सरांचा पक्का कॉल, वेदघाट घ्या.' आता रोज खालच्या टोकाला अडकतो. विकायला जावं तर घेणारा नाही."

"म्हणून बुधवारी भांडलास."

"गल्लीने ऐकलं ते. मी म्हटलं, मामू, तुम्ही मला बुडवलं. ते नुसते बघत राहिले. म्हणाले, कुठला ग्रुप?" कामरानने डोकं धरलं. "मला वाटलं, नाटक करतायत. गुरुवारी माफी मागायला गेलो. दार नुसतं लोटलेलं. पंखा चालू, टेबलावर चहाचा अर्धा कप. हाका मारल्या आणि परत आलो."

"टेबलावर आणखी काय होतं?"

"कप, मॅडम. दुसरं काय असणार?"

"ही रजिस्टरातली ओळ भरता येते तुला?"

"मला पाना हातात द्या, काहीही खोलून दाखवतो. हे आपलं काम नाही. मी क्लासला कधी गेलोच नाही. मामूंचं नाव बघितलं आणि पैसे घातले."

तो खरं बोलत असावा असं विजयश्रीला वाटत होतं, आणि ते तिला आवडत नव्हतं. कारण चित्रणात दुसरा माणूस नव्हता. फक्त इमारतीतले होते. त्यांना वर जायला खालच्या पायऱ्या लागत नव्हत्या.

उद्धवराव दुसऱ्या मजल्यावर राहत. दिघीकडची वडिलोपार्जित दोन गुंठे जागा विकून त्यांनीही वेदघाट घेतला होता. तेही त्याच ग्रुपवर वाचून.

"व्हय, राग आला हुता," ते म्हणाले. "चार रविवार त्यांच्याकडं शिकलो. त्यांनी कधी कोणाला अमुक घ्या म्हणून सांगितलं न्हाई. आन एकदम ग्रुपवर सांगत्यात म्हणल्यावर वाटलं, पक्कीच खबर आसंल. म्हणून तर जागा इकली."

"गुरुवारी दुपारी तुम्ही कुठे होता?"

"घरातच. झोपलेलो."

त्यांच्या पत्नी कौशल्याबाई चहा घेऊन आल्या. "म्या सहाला वर गेले हुते," त्या म्हणाल्या. "रोज जाती. सर दिसंनात, दार उघडं. पंखा बंद केला, कप उचलला, टेबल पुसलं, झाडून घेतलं आन माझ्याकडच्या किल्लीनं कुलूप लावलं. मला काय ठावं, ते खाली बोळात…"

विजयश्रीने चहा घेतला. जिना उतरताना तिला काहीतरी टोचत होतं, पण काय ते सापडेना. गाडीत बसल्यावर हवालदाराने फोटोंचा गठ्ठा तिच्या मांडीवर ठेवला. शुक्रवारी सकाळी, खोली उघडल्याबरोबर काढलेला पहिलाच फोटो टेबलाचा होता. मधोमध रजिस्टर.

कामरानने टेबलावर फक्त कप पाहिला होता. कौशल्याबाईंनी अख्खं टेबल पुसलं होतं आणि उचलला तोही फक्त कप.

४

रविवारी सकाळी विजयश्रीने घरच्या जेवणाच्या टेबलावर रजिस्टर पसरलं. गणितात ती कधीच हुशार नव्हती. उमरग्याच्या शाळेत मास्तर तिच्या वहीवर नुसता लाल भोपळा काढायचे. पण माणसांच्या जबान्या एकाखाली एक ठेवून वाचायची तिला सवय होती. तिने आकड्यांच्याही तशाच वाचल्या.

एक बोट भावाच्या रकान्यावर, दुसरं दमाच्या. भाव चढला, दम चढला. भाव पडला, दम पडला. पुन्हा पडला, पुन्हा पडला. चढला, चढला. किती चढला, किती पडला हे दर वेळी वेगळं, पण दिशा एकच. दीड वर्षाच्या ओळी होत्या. दोन्ही बोटं बरोबर खाली सरकत शेवटच्या पानावर आली.

बुधवार. भाव पडला. दम साठ.

गुरुवार. भाव पाच रुपये साठ पैशांनी पडला. दम सहासष्ट पूर्णांक सात.

तिची बोटं थांबली. पडत्या दिवशी दम वाढला होता. दीड वर्षात एकदाच, आणि तेही माणूस मेला त्या दिवशी.

अर्ध्या तासात ती उद्धवरावांच्या दारात होती. "तुम्ही चारही रविवार शिकलात ना? वेदघाटचा शुक्रवारचा भाव मी देते. पुढची ओळ भरून दाखवा."

उद्धवरावांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली. "सोपं हाय. कालच्या दोन्ही सरासऱ्या घ्यायच्या. प्रत्येकीला तेरानं गुणायचं, त्यात आजचा चढ नायतर उतार मिळवायचा, चौदानं भागायचं. आजचा हिस्सा एक, जुन्याचे तेरा. मग चढाच्या सरासरीला दोन्हींच्या बेरजेनं भागायचं, की दम." त्यांनी गुरुवारच्या ओळीवर बोट ठेवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आरं, हे काय भलतंच?"

"काय झालं?"

"बुधवारी सरासरी चढ चार रुपये वीस पैसे. गुरुवारी भाव पडला, म्हंजी चढ शून्य. चार वीसला तेरानं गुणून चौदानं भागलं तर तीन नव्वद येतंय. कमी व्हायलाच पायजे. हितं चार सत्तर लिवलंय! न चढता सरासरी चढ वाढंल कसा?" त्यांनी भराभर पेन्सिल चालवली. "उतार दोन ऐंशीचा तीन रुपये व्हतो. दम यायला पायजे साडेछप्पन. सहासष्ट न्हाई."

"माणूस मनातून खचला असेल तर चूक होते."

"मॅडम," उद्धवरावांनी पेन्सिल खाली ठेवली. "कंपनीत तीस वर्षं ह्या माणसाच्या हातनं इंजिन पास झाली. ते बेरजेत चुकतील एखाद वेळ. रीतीत न्हाई चुकायचे. ही ओळ सरांची न्हाई."

"मग हा सहासष्ट आला कुठून? उगाच मनाने लिहिला?"

उद्धवराव बराच वेळ मागच्या ओळी मोजत राहिले. मग त्यांनी मागच्या चौदा दिवसांचे सगळे चढ एकत्र केले, उतार एकत्र केले, दोन्हींना चौदाने भागलं. चार रुपये सत्तर पैसे. दोन रुपये पस्तीस पैसे. दम सहासष्ट पूर्णांक सात.

"मनानं न्हाई," ते हळूच म्हणाले. "ही सरळ सरासरी. सर पयल्या रविवारी हीच शिकवत. म्हणत, हे फक्त नव्या शेअरची पयली ओळ मांडायला. पुढची रीत दुसऱ्या रविवारी." त्यांनी वर पाहिलं. "ज्यानं हे लिवलं, तो पयल्या रविवारीच उठून गेला."

५

चाकणच्या कारखान्यात सेकंड शिफ्ट साडेतीनला लागते. सोमवारी विजयश्री तीनलाच तिथे पोचली आणि गेटजवळच्या कँटीनमध्ये बसली. गणराज बसमधून उतरून सरळ तिच्याकडे आला.

"काही लागलं का मॅडम? कामरानला उचललं म्हणतात."

"चौकशी चालू आहे. तुमची एक मदत हवी. साहेबांना अहवालात ही दमाची भानगड समजावून द्यायची आहे. तुम्ही तर सरांचे उजवे हात."

"पहिल्या बॅचपासून आहे मी त्यांच्याबरोबर," गणराज म्हणाला. "माणसं आणायची, नावं लिहायची, खालची सगळी व्यवस्था माझीच."

"मग ही शुक्रवारची ओळ भरा बरं. भाव मी वर लिहिलाय."

तिने रजिस्टरातल्या पानाची प्रत पुढे सरकवली. गणराजने एकदा तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर थकव्याशिवाय काही नव्हतं. त्याने मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला. गुरुवारच्या सरासऱ्यांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. बोट मागे नेत त्याने चौदा दिवस मोजले, चढांची बेरीज केली, उतारांची केली, चौदाने भागलं. काम नीटनेटकं होतं. आकडेही सरांसारखेच, उभट, पायाला किंचित वळण असलेले.

विजयश्रीने कागद जवळ ओढला. "दुसऱ्या रविवारी तुम्ही कुठे होता, गणराज?"

"म्हणजे?"

"सर दुसऱ्या रविवारी पुढची रीत शिकवायचे. कालची सरासरी घेऊन आजची काढायची. तेव्हा तुम्ही खाली बसून नव्या लोकांची नावं लिहीत असणार. दर बॅचला. म्हणून तुम्हाला पहिल्या रविवारचंच येतं." तिने गुरुवारची ओळ दाखवली. "ज्याने ही भरली, त्यालाही पहिल्या रविवारचंच येत होतं. भाव पडलेला असताना त्याने दम वाढवून ठेवला आणि त्याला ते खटकलंसुद्धा नाही."

गणराज हसला. हसू ओठांवरच राहिलं. "गुरुवारी मी इथे होतो मॅडम. तीन दहाला हजेरीचा पंच आहे. सुटलो पावणेबाराला. सर साडेतीननंतर गेले, असं तुमचेच लोक म्हणतात."

"ही ओळ म्हणते. ही ओळ काढून टाकली की काय उरतं? दुपारी एकपासूनची वेळ. आणि सर साडेतीननंतर जिवंत होते असं दाखवायची गरज कोणाला? साडेतीननंतर जो दुसरीकडे होता, त्यालाच. कामरान साडेचारला वर गेला, उद्धवराव दिवसभर घरात. त्या दोघांना ही ओळ बुडवते. वाचवते फक्त तुम्हाला."

गणराजने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

"गुरुवारी संध्याकाळी टेबलावर रजिस्टर नव्हतं. कौशल्याबाईंनी टेबल पुसून कुलूप लावलं. शुक्रवारी सकाळी ते टेबलावर होतं. मधल्या वेळात दुसरी किल्ली होती तुमच्याकडे, आणि आमच्या आधी धावत वर गेलात तुम्ही." पुढचं बोलताना तिला स्वतःचाच राग येत होता. "कॉम्प्युटर मी काल उघडायला लावला. पहिल्याच दिवशी उघडायला हवा होता. सर भाव त्यावरच बघायचे. गुरुवारी तो एक वाजून पस्तीस मिनिटांनी बंद झाला आणि परत लागलाच नाही. बंद भाव त्यांनी पाहिलाच नाही, गणराज. लिहिणार कुठून? आणि तो ग्रुप ज्या नंबरावरून चालतो, तो नंबर आज सकाळी मिळाला. तुमच्या बायकोच्या नावावर आहे."

कँटीनच्या बाहेर शिफ्टचा भोंगा झाला. माणसं घोळक्याने आत निघाली. गणराजने सवयीने उठायचा प्रयत्न केला, मग परत बसला.

"वेदघाटवाले माणसामागे पैसे देत होते," तो म्हणाला. "जितकी माणसं घेतील तितके. माझ्या नावावर कोणी घेतलं नसतं. सरांच्या नावावर घेतलं."

"किती जणांनी?"

"दोनशे दहा." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "कामरानच्या भांडणावरून त्यांना कळलं. गुरुवारी मला गच्चीवर नेलं. म्हणाले, रविवारी सगळ्यांसमोर सांगणार. रजिस्टराच्या मागच्या पानावर त्यांनी नावं लिहायला घेतली होती, कोणाचे किती गेले. मी म्हटलं, सर, एक महिना द्या. ते म्हणाले, एक रविवारसुद्धा नाही. मी दंड धरून हलवलं त्यांना. नुसतं हलवलं. मग…"

"आणि रजिस्टर?"

"नावं होती म्हणून उचललं. ते पान जाळलं. परतीच्या बसमध्ये सुचलं, की ओळ भरून ठेवावी. सकाळी पिशवीतून वर नेलं."

"मोबाइलवर दम आयता दिसतो. निदान तो तरी ताडून बघायचा."

"मोबाइलवर सरासऱ्या दिसत नाहीत, त्या काढाव्याच लागतात. त्या काढल्यावर दम आपोआप आला." त्याने पहिल्यांदाच मान वर केली. "आणि खरं सांगू का मॅडम, तो आलेख मी कधी उघडलाच नाही. लोक मला फक्त शेअरचं नाव विचारायचे. दम किती, हे दोनशे दहापैकी एकानेही विचारलं नाही."

विजयश्रीने हवालदाराला खूण केली. मग तिला एक प्रश्न राहिला असं वाटलं, आणि विचारल्यावर वाटलं, विचारला नसता तर बरं झालं असतं.

"ते पडल्यावर तू खाली वाकून बघितलंस?"

"बघितलं."

"आणि?"

"हलत होते." त्याचा आवाज अगदी साधा होता. "पण सव्वादोनची बस होती."

६

आरोपपत्र दाखल व्हायच्या आदल्या दिवशी विजयश्री पिंपळे सौदागरला नबीलाच्या घरी गेली. दुपारची वेळ होती. सोसायटीच्या आवारात पाण्याचा टँकर उभा होता. वेदघाटचा शेअर तोपर्यंत एकोणीस रुपयांवर आला होता. कामरानने गॅरेज बंद करून दुसऱ्याच्या शोरूमला नोकरी धरली होती. उद्धवरावांना हृदयविकाराचा पहिला झटका येऊन गेला होता आणि कौशल्याबाईंनी तिसऱ्या मजल्यावरची खोली कोणालाच द्यायची नाही असं ठरवलं होतं.

"मी आधी तुला सांगायला आले," विजयश्री म्हणाली. "कोर्टात कागद वाचले जातील. तिथे पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा घरी ऐकलेलं बरं."

नबीला समोर बसली. "ते लगेच गेले नाहीत. हेच ना?"

विजयश्रीने वाटेत दोन-तीन वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही तिने वापरलं नाही. "हो."

"किती वेळ?"

"डॉक्टर म्हणतात, अर्धा तास. कदाचित पाऊण. शेजारची प्रेस चालू होती. कोणाला ऐकू आलं नाही."

नबीला खिडकीबाहेर बघत राहिली. टँकरवाला पाइप गुंडाळत होता.

"मी त्यांना दोन वीसला फोन केला होता," ती म्हणाली. "ऑफिसात जेवायची सुट्टी होती. काही काम नव्हतं. आदल्या दिवशी कामरान भांडला होता, म्हणून नुसतं विचारायला. पूर्ण वाजला. मला वाटलं, नमाजला बसले असतील. मी परत केला नाही."

कॉलच्या यादीतली ती नोंद विजयश्रीने पाहिली होती. ती आज काढायची नाही असं तिने ठरवलं होतं.

"फोन कुठे होता त्यांचा?" नबीलाने विचारलं.

"सदऱ्याच्या खिशात," विजयश्री म्हणाली.

"म्हणजे वाजलेला त्यांना ऐकू आला असेल?"

खाली टँकर सुरू झाला आणि आवाराबाहेर गेला.

"आला असेल," विजयश्री म्हणाली.

"माझ्यासाठी त्यांनी वेगळी रिंग लावून घेतली होती," नबीला म्हणाली. "मीच लावून दिली होती. न बघता कळायचं त्यांना, कोणाचा आहे." ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. विजयश्री तिची वाट बघत बसून राहिली.